एक ठिपका, एक शेंगदाणा

चाचांच्या टेबलावर माउस नव्हता. माउसच्या जागी स्टीलची वाटी असायची आणि वाटीत मोजलेले भाजके शेंगदाणे.

ऑफिसनं माउस दिला नव्हता असं नाही. तो खालच्या ड्रॉवरमध्ये, वायर गळ्याभोवती गुंडाळून, उताणा झोपवलेला होता. नवीन कुणी आलं आणि "चाचा, तुमचा माउस कुठंय?" असं विचारलं, की चाचा ड्रॉवर उघडून अंत्यदर्शन घडवल्यासारखा दाखवायचे आणि ड्रॉवर परत बंद करायचे.

"बोट दाखवून काम सांगायला ही काय भाजी मंडई आहे? हे द्या, ते द्या, त्याच्या बाजूचं द्या! मशीनला नाव घेऊन, पूर्ण वाक्यात सांगावं. त्यांना समजतं."

'त्यांना' म्हणजे कॉम्प्युटरला. ऑफिसातल्या सगळ्यांना, मालकासकट, चाचा अरे-तुरे करायचे. मला मात्र 'यादीबाई, तुम्ही'. आणि कॉम्प्युटरला 'जी'. काही काढून टाकायचं असलं की कॉम्प्युटर पडद्यावर विचारतो, काढू का, हो की नाही? तेव्हा चाचा मान किंचित झुकवून म्हणायचे, "जी हाँ, काढा," आणि मगच बटण दाबायचे. काम झालं की शुक्रिया. काम बिघडलं तरी शुक्रियाच, फक्त जरा कोरड्या आवाजात.

यादीबाई हे नाव खोटं नाही. माझ्या घरी फ्रिजवर तीन याद्या असतात, पर्समध्ये एक, आणि ऑफिसच्या भिंतीवर सगळ्यात मोठी. नगरला सावेडीत, चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या आणि सहा माणसं, एवढंच आमचं ऑफिस. दूध थंड ठेवायच्या टाक्यांमध्ये जे छोटं कॉम्प्युटर बोर्ड असतं, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. दुधाचं तापमान बघायचं, पंखा फिरवायचा, दूध तापायला लागलं तर बझर वाजवायचा. काम गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी काय काय झालं पाहिजे याची बावीस कलमांची यादी माझी होती, आणि प्रत्येक कलमापुढची बरोबरची खूणही माझीच.

त्यातलं दहावं कलम चाचांचं: चाचण्या. सॉफ्टवेअर शहाण्यासारखं वागतं का हे बघायला आपण छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून ठेवतो. ते सगळे ओळीनं चालवायला एक पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, मिळतं. ते पॅकेज बसवायचं, सांभाळायचं, चालवायचं, आणि हे सगळं काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करून. पॅकेज एकेक चाचणी चालवतं. चाचणी पास झाली की पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटतो, नापास झाली की लाल फुली.

एवढ्या कोरड्या कामावर कुणी जीव लावील असं मला वाटलं नव्हतं.

चाचा मूळचे टायपिंगवाले. नगरमध्ये त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट तीस वर्षं चालली. कोर्टातले, कलेक्टर कचेरीतले, कॅन्टोन्मेंटमधले निम्मे क्लार्क त्यांच्या हाताखालून गेलेले. मशीनं भंगारात गेली तेव्हा चाचा छप्पन्न वर्षांचे होते. आमचा मालक संतोष पाथर्डीचा, तेव्हा तिशीतला. त्यानं चाचांना कागदपत्रं टाईप करायला म्हणून ठेवलं. महिन्याभरानं चाचांनी त्याला विचारलं, "अरे संतोष, तुम्ही लोक एकमेकांच्या चुका शोधायलाही मशीन वापरता म्हणे?"

"व्हय चाचा. टेस्टिंग म्हंत्यात त्याला."

"मग मला ते दे. चुका शोधायचं काम मी तीस वर्षं केलंय, तेसुद्धा पोरं टाईप करत असताना, नुसता आवाज ऐकून."

आणि खरोखर दोन महिन्यांत ते शिकले. शिकले ते त्यांच्या पद्धतीनं. प्रत्येक हुकूम डिक्टेशन दिल्यासारखा मोठ्यानं म्हणायचा आणि बटणं अशी ठोकायची की खालच्या दुकानात चष्मे हलावेत. ओळ संपली की डावा हात हवेत उचलून उजवीकडे ढकलायचा, टाईपरायटरचा कॅरेज सरकवतात तसा. त्या हातानं माझ्या चहाचे दोन कप गेले. तिसऱ्याच्या आत मी भिंतीवर लिहिलं: चाचांच्या टेबलावर कप ठेवू नये.

"इन्स्टॉल. स्पेस. पॅकेजचं नाव. बरोबर बरोबर. तीन. टिंब. दोन. टिंब. एक. एन्टर, जी."

एकदा मी विचारलं, "चाचा, बरोबरचं चिन्ह दोनदा का?"

"माणसाला एकदा बरोबर म्हटलं तरी तो फुगतो. मशीनला दोनदा म्हणावं लागतं. ह्याच आकड्याचं पॅकेज द्या, दुसरं नको, असा त्याचा अर्थ. आकडा घातला नाही तर ते सगळ्यात ताजं असेल ते आणून देतात."

"मग ताजं चांगलंच की."

"मेथी ताजी चांगली, यादीबाई. हत्यार सवयीचं चांगलं."

प्रत्येक कामाचा डबा वेगळा, हा त्यांचा दुसरा नियम. एका कामाची पॅकेजेस दुसऱ्या कामात मिसळू नयेत म्हणून कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या जागा करता येतात, त्यांना ते डबे म्हणत. एकदा संतोषनं घाईत एक पॅकेज कुठल्याही डब्यात न शिरता, बाहेरच बसवून टाकलं. दोन कामं एकमेकांत मिसळली. चाचांनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. दोघांच्या खुर्च्यांत तीन फुटांचं अंतर, आणि निरोप्या मी.

"यादीबाई, तुमच्या मालकांना सांगा, हळदीचा चमचा तिखटात गेला आहे."

"ताई, त्यान्ला सांगा, चमचा धुऊन ठिवलाय."

"त्यांना विचारा, पुसलाय का?"

तिसऱ्या दिवशी संतोषनं सगळं काढून, प्रत्येक पॅकेज आकड्यासकट आपापल्या डब्यात परत बसवलं, तेही चाचांच्या समोर उभं राहून, मोठ्यानं म्हणत. मग अबोला सुटला.

आता शेंगदाणे. इन्स्टिट्यूटमध्ये बिनचूक ओळीला एक शेंगदाणा, असा चाचांचा रिवाज होता. कलेक्टर कचेरीतले एक वजनदार गृहस्थ आजही सांगतात की सहा महिन्यांत त्यांना चार शेंगदाणे मिळाले. आमच्याकडे आल्यावर चाचांना ओळी तपासायला विद्यार्थी नव्हते. मग ते स्वतःच खायला लागले. एक ठिपका, एक शेंगदाणा. आमच्या चाचण्या सावकाश चालायच्या, कारण खरं बोर्ड जोडलेलं असायचं, खरा पंखा फिरायचा, खरा बझर वाजायचा. एका ठिपक्याला सहा-सात सेकंद. एक शेंगदाणा नीट चावायला तेवढाच वेळ लागतो. फुली आली तर तो शेंगदाणा खायचा नाही, वाटीच्या बाहेर काढून ठेवायचा. चूक दुरुस्त होईपर्यंत तो टेबलावर एकटा बसून राही, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा.

हे शेंगदाणे घरून मोजून यायचे. चाची रोज सकाळी भाजायच्या, सोलायच्या, मोजायच्या आणि कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या. नवीन चाचणी लिहिली की चाचा संध्याकाळी ऑफिसातूनच फोन करायचे, "ऐकलंत का? उद्यापासून बहात्तर." एवढंच. फोन बंद. सुरुवातीला मला वाटायचं हे काही औषधाचं आहे.

मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "चाचा, पॅकेज शेवटी आकडा दाखवतं की. किती पास, किती नापास. मग हे मोजायचं कशाला?"

"त्यांचा आकडा ते सांगतात. माझा आकडा मी सांगतो. दोन्ही जुळले तर निकाह, नाहीतर नुसतीच ओळख."

मी हसले. संतोष तर इतका हसला की त्याला ठसका लागला. शेंगदाणे मोजणारा टेस्टर ही आमच्या ऑफिसची खास चेष्टा होती, पाहुण्यांना चहाबरोबर द्यायची.

त्या वर्षी सुप्यातल्या टाक्या बनवणाऱ्या फॅक्टरीचं काम आमच्याकडे आलं. फॅक्टरीचं नाव राहू दे. दोन खोल्यांच्या ऑफिसला त्यानं उभं केलं असतं किंवा बसवलं असतं. संतोषनं आम्हा सगळ्यांना समोर बसवून सरळ सांगितलं, "ह्ये काम टिकलं तर आपुन नगरमधीच. न्हाई टिकलं तर मी हितलं गुंडाळतो. मंग ज्यानं त्यानं पुण्याला जाऊन बघावं." माझ्या घरात दहावीची मुलगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई होत्या. पुण्याला जाऊन बघावं, ही ओळ माझ्या कुठल्याच यादीत बसत नव्हती.

पहिली टाकी पाथर्डीकडच्या एका दूध संकलन केंद्रात बसायची होती, आणि ते केंद्र संतोषची आत्या चालवायची. चाचांनी हे ऐकलं आणि तीन दिवस बसून सदतीस नव्या चाचण्या लिहिल्या. सगळ्या एकाच विषयावर: लाईट गेली, लाईट आली, लाईट गेली आणि लगेच आली, लाईट आली आणि परत गेली. त्यांचा वेगळा कप्पा केला.

"चाचा, सदतीस?" संतोष म्हणाला.

"अरे, पाथर्डीत टाकी जाणार आणि लाईट जाणार नाही, असं कुणी लिहून दिलंय तुला?"

एकूण झाल्या एकशे अठरा. चाचींना फोन गेला.

सोमवारी सुप्याला जायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी संतोषनं शेवटचा एक बदल केला. लाईट आली की बझर उगाच ओरडतो, तो थोडा वेळ गप्प ठेवा, असं फॅक्टरीनं कळवलं होतं. शुक्रवारी चाचा भाचीच्या लग्नाला श्रीरामपूरला गेले. ऑफिसात मी आणि माझी यादी.

नववं कलम: सर्व साधनं अद्ययावत. हे कलम मीच कधीतरी घातलं होतं, कशासाठी ते आठवत नव्हतं, पण कलम म्हटलं की खूण आली. एवढी वर्षं चाचांच्या मागं बसून हुकूम मला पाठ झाले होते. मी त्यांच्या लॅपटॉपवर काळा पडदा उघडला आणि टाईप केलं. इन्स्टॉल, स्पेस, डॅश डॅश अपग्रेड, पॅकेजचं नाव. आकडा नाही. अर्ध्या मिनिटात चाचणीचं पॅकेज नवंकोरं झालं. मग दहावं कलम. चाचण्या चालवल्या, एकामागून एक ठिपके, शेवटी हिरवीगार ओळ. मी दोन खुणा केल्या आणि, कबूल करते, हवेत डावा हातसुद्धा एकदा उजवीकडे ढकलला.

सोमवारी सुप्यात फॅक्टरीच्या क्वालिटीच्या साहेबांसमोर आम्ही तिघं बसलो. साहेब हातात पेन उघडूनच आले होते. "दोन वाजता माझी मीटिंग आहे," ते म्हणाले. "चाचण्या माझ्या डोळ्यांसमोर चालवा. हिरवं दिसलं, सही करतो. दोन वाजले, पेन खिशात. मग पुढचं पुढं, तुमच्यासारखे आणखी दोघं रांगेत आहेत." खिडकीबाहेर टेम्पोत टाकी चढवून तयार होती आणि ड्रायव्हर पाथर्डीला निघायला अधीर झाला होता.

एक वाजला होता. चाचांनी बोर्ड जोडलं, लॅपटॉप उघडला, पिशवीतून वाटी काढली, पुडी सोडली.

"हे काय?" साहेब.

"शेंगदाणे," संतोष घाईनं म्हणाला. "त्यान्ला... शुगरचा त्रास हाय."

"मला कसलाही त्रास नाही," चाचा म्हणाले आणि एन्टर दाबलं.

ठिपका, शेंगदाणा. ठिपका, शेंगदाणा. साहेब आधी पडदा बघत होते, मग वाटी, मग नुसता जबडा. नऊ मिनिटं झाली आणि पडद्यावर हिरवी ओळ उमटली. सगळं पास. संतोषनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. साहेबांनी कागद पुढं ओढला.

"थांबा," चाचा म्हणाले.

ते वाटीत बघत होते. वाटी अजून भरपूर भरलेली होती.

त्यांनी उरलेले शेंगदाणे टेबलावर ओतले आणि दहा-दहाच्या रांगा लावल्या. तीन रांगा आणि सात. "सदतीस उरले."

"चाचा," संतोष दातांतल्या दातांत म्हणाला, "जास्तीचे आले आसतील. हिरवं हाय ना? सही हुतीय, घिऊ द्या की!"

"हिरवा रंग सिग्नलला बघतात, इथं आकडा बघायचा. पडद्यावर बघ, एक्क्याऐंशी. आपल्या एकशे अठरा."

साहेबांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमची तपासणी शेंगदाण्यांवर चालते?"

चाचांनी फोन काढून स्पीकरवर लावला. "ऐकलंत का? आज किती दिलेत?"

पलीकडून चाचींचा आवाज खोलीभर घुमला. "एकशे अठरा. एक किडका निघाला, तो बदलला. दोनदा मोजले. बरोबर बरोबर. का हो, कुणी शंका घेतली?" शेवटच्या वाक्यात असा काही दम होता की साहेबांनी नकळत मान हलवून नाही म्हटलं.

मी मनातल्या मनात यादी उघडली. सदतीस. लाईटच्या चाचण्या सदतीस. आणि माझं नववं कलम.

गप्प बसता आलं असतं. पेन कागदापासून वीतभर अंतरावर होतं, आणि त्या वीतभरात माझ्या मुलीची दहावी, सासूबाईंचा गुडघा आणि सहा माणसांचं नगर होतं. पण टेम्पो जिथं निघाला होता तिथं लाईट जाणार होती, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी केलं," मी म्हटलं. "शुक्रवारी. पॅकेज अपग्रेड केलं. आकडा न घालता."

चाचा माझ्याकडे वळले. ओरडतील असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "खूण केलीत?"

"केली."

"सुंदर," ते म्हणाले आणि बाह्या सारख्या करू लागले.

झालं होतं ते असं. कुठले कप्पे उघडून बघायचे हे सांगणारी एक ओळ चाचांनी जुन्या पॅकेजसाठी लिहून ठेवली होती. नव्या आवृत्तीनं ती ओळ वाचणंच सोडून दिलं होतं. लाईटचा कप्पा तिनं उघडलाच नाही, आणि न उघडलेल्या कप्प्यात कुणी नापास होत नाही.

"जुनं परत बसवावं लागंल. आन् हितं पावन्याला नेट देत न्हाईत," संतोष डोकं धरून म्हणाला.

"बरं झालं." चाचांनी चष्म्याच्या घरातून दोऱ्यात बांधलेला पेनड्राइव्ह काढला. जुन्या आवृत्तीची फाइल त्यांच्याकडे चष्म्यासोबत राहायची. "अनइन्स्टॉल. स्पेस. नाव." पडद्यानं विचारलं, काढू का? "जी हाँ, काढा. नव्या पाहुण्यांना खुदा हाफिज." मग पुढचा हुकूम ठोकताना त्यांनी साहेबांना समजावून सांगितला, "याचा अर्थ, बाहेर बाजारात जाऊ नका, घरात आहे तेच घ्या. बरोबर बरोबर, तीन, टिंब, दोन, टिंब, एक. एन्टर, जी."

बसलं. त्यांनी फक्त लाईटचा कप्पा चालवायला सांगितला. वाटीत सदतीस, कप्प्यात सदतीस.

पंधरा ठिपके आले. सोळाव्याला फुली.

लाल. एकच. चाचांचा हात वाटीवर थांबला. त्यांनी तो शेंगदाणा उचलून टेबलावर वेगळा ठेवला आणि बाकीचे खात राहिले. शेवटी छत्तीस ठिपके, एक फुली, आणि टेबलावर एक शेंगदाणा.

"एकूणातली सत्त्याण्णवावी," चाचा म्हणाले. "लाईट गेली. लाईट आली. दूध तापत गेलं. बझर वाजला नाही. कधीच वाजला नाही."

संतोष पडद्यावर वाकला. त्याचा गुरुवारचा बदल. लाईट आल्यावर बझरला थोडा वेळ गप्प केलं होतं त्यानं, परत बोलतं करायचं राहून गेलं होतं. "आयला," तो म्हणाला, "आत्याची टाकी!" आणि लॅपटॉप ओढून घेऊन दोन ओळी लिहिल्या. तेवढ्यात दीड वाजून गेला.

"आता पुन्हा सगळ्या चालवा," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "किती वेळ?"

"तेरा मिनिटं," मी म्हटलं.

"मग करा सुरू!"

चाचांनी रिकामी वाटी त्यांच्यापुढं धरली. "शेंगदाणे नाहीत."

पुढची पंधरा मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. साहेब म्हणाले, चालवा तसंच. चाचा म्हणाले, शेंगदाण्याशिवाय मी एन्टर दाबत नाही. संतोष म्हणाला, मी दाबतो. चाचा म्हणाले, दाब, पण त्याला चाचणी म्हणू नकोस. आणि साहेब, ज्यांनी पंधरा मिनिटांपूर्वी शेंगदाण्यांवरून टोमणा मारला होता, ते एकदम उभे राहिले. "ते बरोबर बोलतायत. वाटीनं पकडलंय, तर वाटीनंच सोडावं. कॅन्टीन!"

कॅन्टीनमध्ये भाजलेले शेंगदाणे नव्हते. कूट होता. आणि परातभर चिवडा होता.

"चिवड्यातले निवडा," मी म्हटलं. अशा वेळी माझं डोकं फार चांगलं चालतं. परातीचे चार भाग केले, एकेक भाग एकेकाला. साहेब, संतोष, मी, आणि उशीर का होतोय ते विचारायला आत आलेला टेम्पो ड्रायव्हर.

"आवो, काय चाललंय ह्ये?" कॅन्टीनच्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "शेंगदाणं काढून घेतल्यावं त्यो चिवडा खानार कोन?"

"आमी खाऊ, मावशी!" संतोष ओरडला. "दानं द्या आदी!"

"मला पाथर्डीला जाऊन माघारी यायचंय," ड्रायव्हर दाणे वेचत पुटपुटला. "आन् ह्यो अर्धा धरायचा का?"

"अर्धा नाही!" साहेब गरजले. "पूर्ण दाणेच. क्वालिटी आहे ही!"

शेवटी एकशे सतरा भरले. परात चाळून, झटकून, उलटी करूनही एकशे सतराच. सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी टेबलावरचा तो एकटा शेंगदाणा उचलला आणि वाटीत टाकला. एकशे अठरा.

एक सेहेचाळीसला एन्टर दाबलं.

चिवड्याचे शेंगदाणे तळलेले आणि तिखट होते. चाचींच्या हातचं बिनतिखटाचं खाणाऱ्या माणसाला विसाव्या ठिपक्यालाच डोळ्यांत पाणी आलं. पन्नासाव्याला नाक वाहायला लागलं. पाणी घ्या म्हटलं तर मान हलवली, ठिपका चुकेल. ऐंशीच्या सुमारास ते ढसाढसा रडल्यासारखे दिसत होते. दारात जमलेल्या कामगारांतलं कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारबा लई हळवा हाय."

पंच्याण्णव. शहाण्णव. टेबलावरच्या बोर्डाचा दिवा गेला, आला, आणि बझर असा कर्कश किंचाळला की ड्रायव्हर उडाला. सत्त्याण्णवावा ठिपका. हिरवा.

चाचांनी मघाचा, वर्गाबाहेर बसलेला शेंगदाणा वाटीतून शोधून काढला. तो एकटाच बिनतिखटाचा होता, ओळखायला सोपा. तोंडाकडे नेला, थांबले, आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"तो का नाही?" साहेबांनी कुजबुजत विचारलं.

"इथं लाईट मी घालवली," चाचा नाक पुसत म्हणाले. "तिथं ती स्वतः जाऊ दे."

शेवटचा ठिपका आला, वाटी रिकामी झाली, पडद्यावर एकशे अठरा. एक वाजून एकोणसाठ. साहेबांनी सही केली आणि पेन खिशात घालताना मला हळूच विचारलं, "बाई, ती पुडी... आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला अशी काही सोय होईल का?"

परतीच्या वाटेवर मी चाचांची माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खूण म्हणजे 'केलं' एवढंच, यादीबाई. 'किती' ते लिहीत जा." त्या आठवड्यात मी बावीसच्या बावीस कलमांपुढं एक नवा रकाना आखला. नववं कलम खोडलं.

पाथर्डीहून फोन आला तो तीन आठवड्यांनी, भर दुपारी. संतोषनं स्पीकरवर घेतला. मागून बझर ठणाणा करत होता आणि त्याच्यावर आवाज चढवून आत्या.

"आरं संत्या! तुझं टाकं बोंबलाया लागलंय! लाईट गेल्ती, आली, आन् तवापासनं ह्ये सुरूच! म्हशी बुजल्या समद्या!"

"आत्या, पडद्यावरचा आकडा वाच."

"धा."

संतोष ताडकन उठला. "चार पायजे! आगं, पंख्याचं मोठं बटन पडलं आसंल खाली, भिंतीवरचं. वर कर ते!"

धावत गेल्याचा आवाज, मग खटका. पंखा घुर्र करून चालू झाला. आम्ही सहाही जण फोनभोवती गोळा होऊन दुधाचं तापमान ऐकत बसलो. नऊ म्हणाली आत्या. मग आठ. मग बझर गप्प झाला, आणि त्या शांततेत लांबून एक म्हैस हंबरली.

"वाचलं बाई दूध," आत्या म्हणाली. "पर लई कर्कश हाय रं आवाज. जरा गोड बशीव की."

हसण्याच्या गदारोळात मी मागं वळून पाहिलं. चाचा आपल्या जागीच होते. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, पेनड्राइव्हच्या शेजारी ठेवलेला एक शेंगदाणा काढला आणि तोंडात टाकला. तीन आठवड्यांचा दाणा, पार मऊ पडला असणार. चाचा मात्र डोळे मिटून, कालच भाजल्यासारखा, सहा-सात सेकंद सावकाश चावत राहिले.